उणे सत्तावीस आणि चांदीची नळी

सेरो सोर्दोच्या डोंगरावर त्या जुलैत, म्हणजे आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यात, अशी थंडी पडली की कँटीनमागचा कोंबडा पहाटे आरवायला बाहेर आला, त्यानं चोच उघडली, जरा विचार केला आणि तो तसाच खुराड्यात परत गेला. दारावरचा थर्मामीटर उणे सत्तावीसवर थांबला होता. तोही थांबला होता तो केवळ त्याच्याखाली आकडेच छापलेले नव्हते म्हणून.

एवारिस्तो प्रिचर्ड त्या थर्मामीटरसमोर कमरेवर हात ठेवून उभा होता. छप्पन्न वर्षांचा, बारा वर्षांपूर्वी बायको गेलेली, नाकाखाली दार रंगवायच्या ब्रशएवढी मिशी. सोर्दोचा रोपवे तो चालवायचा, म्हणजे खरं तर त्या रोपवेसाठीच तो जगायचा. दोन-दोन माणसांची अडतीस बाकडी, एक जाडजूड तार, खाली कँटीन, वर बहीण एर्मेलिंदाची लाकडी खोपी. संपलं. एवढाच त्याचा संसार आणि एवढंच त्याचं साम्राज्य. खांब त्याच्या बापानं बैलांनी ओढून वर नेले होते आणि हे तो दर पाहुण्याला पहिल्या दहा मिनिटांत सांगायचा.

शाळांच्या हिवाळी सुट्टीचे पंधरा दिवस म्हणजे सोर्दोचं अख्खं वर्ष. आणि त्या पंधरा दिवसांचा कणा म्हणजे सुलेमा बायगोर्रियाची बस. सुलेमाबाई रोसारियोच्या. गेली बावीस वर्षं त्या दर जुलैत चव्वेचाळीस माणसं भरून दोन दिवसांचा प्रवास करून इथे यायच्या. त्यांची बस आली की बाकीच्या टूरवाल्यांच्या गाड्या मागोमाग यायच्या, कारण सुलेमाबाईंना जे चाललं ते सगळ्यांना चालतं असा त्या धंद्यातला रिवाज होता. आणि सुलेमाबाई गेल्या तर बाकीचेही जाणार, हेही तितकंच पक्कं. नगराध्यक्ष तर वाटच बघत होते. रोपवेचे खांब फुटबॉलच्या मैदानावर दिव्यांसाठी कसे दिसतील, याचं चित्रसुद्धा त्यांनी काढून घेतलं होतं. रंगीत.

बस काल संध्याकाळी आली होती. आज सकाळी नऊ वाजता चव्वेचाळीसच्या चव्वेचाळीस रोसारियोकर पायात स्कीचे बूट, डोक्यावर टोप्या, डोळ्यांवर गॉगल अशा पूर्ण जामानिम्यात कँटीनच्या लोखंडी शेगडीभोवती बसले होते. बसले म्हणजे चिकटलेच होते. प्रत्येकाच्या बगलेत थर्मास, हातात 'माते'चा, म्हणजे आमच्या कडवट हिरव्या चहाचा, तुंबा. हिरव्या पत्तीवर गरम पाणी ओतायचं, नळीनं ओढायचं, तुंबा शेजाऱ्याला द्यायचा, पुन्हा पाणी ओतायचं. बाहेर जायचं नाव कोणी काढत नव्हतं.

"काय मंडळी, पहिली फेरी मारायची ना?" एवारिस्तोनं हात चोळत विचारलं.

"काका, मघाशी मी दाराबाहेर डोकावलो," गॉगलमधला एक जाडा म्हणाला, "तर माझे डोळे मिटेचनात. पापण्या एकमेकींना ओळखच दाखवेनात."

"नाकाला चिकटपट्टी लावून देतो मी सगळ्यांच्या! दोघादोघांनी जायचं, एकमेकांच्या नाकाकडे बघत राहायचं. कातडी गोठल्याचा पांढरा ठिपका दिसला की आत यायचं. काही होत नाही."

"नाकाकडे बघत स्की करायची? मग झाडाकडे कोण बघणार?"

सगळे खो खो हसले आणि तुंबा पुढे सरकला.

त्यात रोपवेही चालू होईना. म्हातारा त्रान्सितो काइउन खालच्या केबिनमध्ये बसून मशीन चालवायचा. सत्तरीचा, नजरेनं अधू, पण अभिमानानं चष्मा न लावणारा. पहाटेपासून तो बटण दाबत होता आणि मोटार नुसती हुंकार देऊन गप्प बसत होती. गिअरबॉक्समधलं ऑइल इतकं घट्ट झालं होतं की त्यात चमचा उभा राहिला असता.

"खालून शेकायला हवं," त्रान्सितो म्हणाला. "ट्रकवाले टाकीखाली जाळ करतात तसं."

दुपारी पाहुण्यांसाठी आख्खं कोकरू भाजायचं होतं. त्यासाठी निखाऱ्यांची चूल सकाळीच पेटवली होती. एवारिस्तोनं क्षणभर कोकराकडे बघितलं, क्षणभर रोपवेकडे बघितलं आणि फावडं उचललं. निखाऱ्यांची ताटं गिअरबॉक्सखाली सरकवली, वरून घोंगडीसारखे दोन जाड पोंचो पांघरले. निखारे फुकट जाताना त्रान्सितोला बघवेना, म्हणून त्यानं त्यांच्यावर जाळी ठेवून चार सॉसेज टाकले. पाऊण तासानं मोटारीनं एक लांब ढेकर दिली आणि अडतीस बाकडी कुरकुरत हलली. सगळ्या केबिनला लसणीचा वास सुटला होता.

एवारिस्तोच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिथल्या तिथे गोठलं.

तो पळत कँटीनकडे निघाला तर समोरून सुलेमाबाईच आल्या. ठेंगण्या, गोल, फरच्या कोटात कानापर्यंत बुडालेल्या, पण आवाज असा की रोसारियोत बोलल्या तर नदीपलीकडे कळावं.

"एवारिस्तो, मी तुझ्याकडेच येत होते. ड्रायव्हर दार्दोनं दोन तास टाकीखाली जाळ करून बस चालू केलीय. आता ती बंद केली तर ही थंडी सरेपर्यंत पुन्हा चालू व्हायची नाही, म्हणतोय. आणि चालू ठेवली तर डिझेल संपतंय. बारा वाजता आम्ही निघतो."

"निघता? कुठे?"

"मोंते रेआलला. तिथं काचेच्या बंद डब्यातून वर नेतात. आत हीटर, गाणी, गादीची सीट. मी फोन केलाय, जागा आहे."

एवारिस्तोच्या तोंडचं पाणीच पळालं. मोंते रेआलला एकदा गाद्यांवर बसलेली माणसं सोर्दोच्या लाकडी फळीवर पुन्हा कशाला बसतील?

"सुलेमाबाई, रोपवे चालू झालाय! ते बघा, फिरतोय!"

"रिकामा फिरतोय."

"माणसं बसली की भरेल!"

"कोण बसणार रे? तू बसशील. तू काय, सागवान आहेस. हाडामांसाचं माणूस बसलेलं मला अजून दिसलेलं नाही."

"मग तुम्हीच बसा," एवारिस्तो म्हणाला, आणि म्हणून झाल्यावर त्यालाच घाम फुटला असता, पण तेवढी ऊब अंगात नव्हती. "एक फेरी. माझ्याबरोबर. वर एर्मेलिंदाची शेगडी पेटलेली आहे, किटली चढलेली आहे. वर धड पोचलो तर तुमची माणसं इथं ठेवा. मध्ये बंद पडला तर मी स्वतः तुमच्या बॅगा बसमध्ये चढवतो."

कँटीनचं दार किलकिलं होतं आणि रोसारियोकरांचे कान त्या फटीला लागलेले होते. आतून कुणीतरी ओरडलं, "जा की बाई! बावीस वर्षं आम्हाला पाठवताय!" मग बुटांनी जमीन बडवायला सुरुवात झाली. सु-ले-मा! सु-ले-मा!

सुलेमाबाई आयुष्यात एकदाही रोपवेत बसलेल्या नव्हत्या. हे त्यांच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं आणि बावीस वर्षांनी ते आजच कळावं अशी त्यांची अजिबात इच्छा नव्हती. त्यांनी कोटाची कॉलर वर ओढली.

"माझा तुंबा आणा," त्या म्हणाल्या.

तुंबा आला. त्यांच्या आजीचा, चांदीच्या पट्टीचा, आणि त्यात आजीचीच चांदीची नळी. दुसऱ्याच्या नळीनं त्या पीत नसत. एवारिस्तोनं थर्मास पोंचोखाली घेतला. त्रान्सितोनं बाकडं धरलं, सुलेमाबाईंना मागून नेम धरून त्यात बसवलं, एवारिस्तो शेजारी बसला, आडवा दांडा खाली आला आणि दोघं हवेत उचलले गेले.

पहिले पाच खांब झकास गेले. खाली पाइनची झाडं पांढरी धोप उभी होती. हवा इतकी कोरडी होती की श्वास घेतला की नाकात सुया टोचत. सुलेमाबाईंनी डोळे घट्ट मिटले होते आणि दांडा दोन्ही हातांनी आवळला होता. त्यांचा जीव रमावा म्हणून एवारिस्तोनं तुंब्यात पाणी ओतलं आणि अदबीनं पुढे केलं. थर्मासमध्ये तेवढंच उरलेलं होतं, आणि तेही सकाळपासून कोमट झालेलं.

त्यांनी तुंबा घेतला, एक डोळा उघडला आणि बोलायला सुरुवात केली.

आता तुंबा हातात धरून बोलत बसणं हा आमच्याकडे गुन्हाच. एखाद्यानं तसं केलं की चारी बाजूंनी आवाज येतो: तो माइक नाही, ओढ आणि परत दे! सात वर्षांचं पोर आजोबांना असं सुनावतं आणि आजोबा ऐकतात. पण एवारिस्तोनं कुणाला सुनावायचं? जिच्या हातात सोर्दोची मान होती तिला? तो मुकाट बसून तुंब्याकडे बघत राहिला. वाफ पातळ झाली. मग वाफ गेली.

"...आणि खोलीतली रजाई," सुलेमाबाई तुंबा हलवत सांगत होत्या, "ती रजाई आहे की हातरुमाल? पाय झाकले की छाती उघडी. आणि तुमच्या त्या बाथरूमच्या नळातून काल बर्फाची काडी बाहेर आली, एवारिस्तो, काडी! मी दात घासायचे की ती चोखायची? आणि तुझा तो कोंबडा..."

"बाई, जरा... नळी... पोंचोच्या आत धरून..."

"मध्ये बोलू नकोस. तर तो कोंबडा." आणि बोलून बोलून घसा सुकल्यामुळे त्यांनी नळी तोंडाला लावली.

इथल्या माणसाला उणे सत्तावीसमध्ये चांदीची गार नळी ओठाला लावायला कोणी शिकवावं लागत नाही, तो लावतच नाही. पण रोसारियोत असली थंडी कधी पडतच नाही. सुलेमाबाईंनी ओढलं, काही आलं नाही, तोंड बाजूला घ्यायला गेल्या आणि तोंड बाजूला झालं नाही.

"ऊं?" त्या म्हणाल्या.

"हलू नका!"

"ऊं! ऊं ऊं ऊं!"

खालचा ओठ नळीला घट्ट चिकटला होता. नळी तुंब्यात आणि तुंबा हवेत लोंबकळत होता. एवारिस्तोनं झटकन तो हातात धरला. ओढलं तर कातडी येणार. पाणी संपलं होतं. वर पोचायला अजून आठ मिनिटं होती आणि आठ मिनिटांत त्या ओठाचं काय होईल, हे सोर्दोवर वाढलेल्या माणसाला सांगायला नको. बाईंचा ओठ गेला की बस गेली, आणि बस गेली की खांब थेट फुटबॉलच्या मैदानावर.

"फुंकर मारावी लागेल," तो म्हणाला. "गरम. अगदी जवळून. तुमची हरकत नसेल तर."

सुलेमाबाईंचे डोळे विस्फारले. मग त्यांनी मान हलवली, ओठ ओढला गेला, आणि त्या पुन्हा "ऊं" म्हणाल्या. एवारिस्तोनं त्याला होकार मानलं.

तो पुढे झुकला. त्यानं दोन्ही हातांनी त्यांच्या चेहऱ्याभोवती आडोसा केला आणि पोटातून गरम श्वास सोडला. हाऽऽऽ. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. उपाय बरोबर होता. फक्त त्यात मिशीचा विचार केलेला नव्हता. श्वासाची सगळी वाफ मिशीवर बसली, मिशी ओलीचिंब झाली आणि चौथ्या फुंकरीला ती ओली मिशी चांदीला टेकली.

"उंफ," एवारिस्तो म्हणाला.

आता एका नळीला एक ओठ आणि एक मिशी चिकटलेली, दोघांची नाकं एकमेकांवर दाबलेली, चार डोळे दोन इंचांवरून एकमेकांकडे बघत होते.

आणि तेवढ्यात रोपवे थांबला.

एवारिस्तोच्या पायाखाली जमीन असती तर ती तेव्हा सरकली असती. बाकडं दोनदा झुललं आणि स्थिर झालं. मोटारीचा आवाज नाही, चाकांची कुरकुर नाही. गिअरबॉक्स, त्याच्या मनात आलं. ऑइल पुन्हा आखडलं. कोकरू गेलं, निखारे गेले, बापाचे खांब गेले. त्याला मोठ्यानं रडावंसं वाटलं, पण रडायलाही तोंड मोकळं नव्हतं.

ऑइलला काहीच झालं नव्हतं. झालं होतं ते त्रान्सितोला. खालच्या केबिनमधून, बिनचष्म्याचे डोळे किलकिले करून तो वर बघत होता. त्याला दिसलं ते असं: एवारिस्तोनं बाईंकडे झुकून दोन्ही हातांत त्यांचा चेहरा घेतला, आणि मग तो तिथून हललाच नाही. बारा वर्षं! बारा वर्षं जो बाईमाणसाशी तिकिटापलीकडे शब्द बोलला नाही, तो एवारिस्तो भर दिवसा, हवेत! त्रान्सितोचं मन भरून आलं. आता सहा-सात मिनिटांत ते वर पोचणार, एर्मेलिंदा दारात उभी असणार, आणि तिच्या नजरेसमोर कुणाचं प्रेम टिकलंय? त्यानं क्षणाचाही विलंब न लावता लाल बटण दाबलं. मग तो कँटीनकडे धावला आणि त्यानं दार उघडलं.

"अरे उठा! आत काय शेकत बसलाय! एवारिस्तो तुमच्या बाईंचा मुका घेतोय!"

शेगडीजवळून माणसाला उठवायला स्कीचे धडे, चिकटपट्ट्या, बापाचे बैल यातलं काहीच पुरं पडलं नव्हतं. या एका वाक्यानं चव्वेचाळीस माणसं दहा सेकंदांत बाहेर आली. दारात चेंगराचेंगरी झाली. पापण्या न मिटणारा तो जाडा सगळ्यात पुढे होता आणि आता त्याला डोळे मिटायचेच नव्हते.

"कुठे? कुठे?"

"सहाव्या खांबाजवळ!"

"आई गं! सोडतच नाहीत की!"

"दमाचे आहेत हो काका!"

टाळ्या सुरू झाल्या. शिट्ट्या झाल्या. बुटांनी बर्फ बडवत पुन्हा सु-ले-मा सुरू झालं, आणि त्यात आता ए-वा-रिस-तोही मिसळलं. वर दोघांना एकेक अक्षर स्वच्छ ऐकू येत होतं. थंड हवेत आवाज फार लांब जातो. सुलेमाबाईंचे कान लाल झाले. एवारिस्तोला दोन इंचांवरून दिसलं की त्यांच्या डोळ्यांच्या कडांना पाणी आलंय आणि खांदे हलताहेत. रडताहेत बिचाऱ्या, त्याला वाटलं, आणि त्याचं काळीज तुटलं. मग त्यांच्या नाकातून फुर्र असा आवाज आला. त्या हसत होत्या. एक हसलं की नळी ओढली जाई आणि दुसरं कळवळे, आणि कळवळण्याचं दोघांनाही आणखी हसू येई.

"त्रान्सितो," खाली जाड्यानं विचारलं, "पण पुढे काय होतं ते इथून कसं दिसणार?"

त्रान्सितोनं आयुष्यभर तिकिटं फाडली होती. संधी कशाला म्हणतात ते त्याला कळत होतं. "पुढचं वर दिसेल," तो म्हणाला. "दोघादोघांनी बसा. नाकाला पट्टी लावा. स्की बरोबर घ्या, उतरताना लागतील." आणि त्यानं हिरवं बटण दाबलं.

रोपवे सुरू झाला तसा एवारिस्तोचा जीव भांड्यात पडला, पण भांडं अजून हलत होतं. वर उतरायचं कसं? बाकडं वरच्या फळीशी आलं की एक पाऊल पुढे टाकून बाजूला व्हायचं असतं, आणि हे दोघं समोरासमोर जखडलेले. त्यानं दांडा उचलला, सुलेमाबाईंच्या कमरेला हात घातला, बोटांनी एक, दोन, तीन असं दाखवलं आणि दोघं खेकड्यासारखे आडवे धावत थेट खोपीच्या दारावर आदळले.

एर्मेलिंदानं दार उघडलं. तिनं आधी भावाकडे बघितलं, मग बाईंकडे, मग नळीकडे.

"दादा," ती म्हणाली, "ती मिशी काढ म्हणून मी तीस वर्षं सांगतेय."

मग तिनं किटलीतलं पाणी वाडग्यात घेतलं, त्यात गार पाणी घातलं, बाळाच्या अंघोळीला बघतात तसं कोपर बुडवून बघितलं आणि नळीवर धार धरली. ओठ सुटला. मिशी मात्र सुटेना. ती नळीच्या नक्षीत गुंतली होती. एर्मेलिंदानं भिंतीवरची मेंढ्या कातरायची कात्री काढली आणि खच्च करून डावी बाजू उतरवली. एवारिस्तोनं हूं की चूं केलं नाही. त्याचं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे होतं. बाराला पंचवीस मिनिटं कमी होती.

सुलेमाबाई शेगडीजवळ बसल्या. त्यांचा ओठ सुजून अंजिराएवढा झाला होता. दोघं भाऊबहीण त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

"पाणी उकळलंय," त्या एर्मेलिंदाला म्हणाल्या. "उकळू देऊ नये. पत्ती जळते."

"बरं," एर्मेलिंदा म्हणाली आणि तिनं किटली बाजूला ठेवली.

मग सुलेमाबाई एवारिस्तोकडे वळल्या. त्यांचा आवाज आता हळू होता, आणि म्हणूनच जास्त भीती वाटत होती. "मला एवढंच सांग. तुझा रोपवे मध्ये बंद पडला की नाही?"

एवारिस्तोला खोटं सुचत नव्हतं असं नाही. वाऱ्यासाठी थांबवला, पक्षी अडकला, काहीही चाललं असतं. पण शब्द दिला होता. "बंद पडला," तो म्हणाला. "का पडला ते मला ठाऊक नाही. पण पडला. मी तुमच्या बॅगा चढवायला येतो."

एर्मेलिंदानं कपाळावर हात मारला, भिंतीवरचा वायरलेस उचलला आणि बटण दाबलं. "त्रान्सितोमामा! मघाशी रोपवे का बंद पडला?"

"बंद पडला?" डबा खरखरला. "कोण म्हणतो बंद पडला? मी थांबवला! चालू द्यायचा का तसाच? माणसं प्रेम करत असताना त्यांना फरफटत न्यायचं? मला काही रीतभात आहे की नाही! मशीन लोण्यासारखं चाललंय. सॉसेज पण झालेत, दोन वर पाठवू का?"

एवारिस्तोचा चेहरा उरलेल्या अर्ध्या मिशीसकट लाल झाला.

"अच्छा," सुलेमाबाई म्हणाल्या.

तेवढ्यात दार धडाधड वाजलं. नाकाला पट्ट्या लावलेली पहिली जोडी आत घुसली, तिच्यामागे दुसरी, तिसरी. अंजिराएवढा ओठ आणि अर्धी मिशी बघून तर त्यांना शंकाच उरली नाही. "अहो बाई, चावलात की काय एकमेकांना!" जागा पुरेना तसे आधी आलेले बाहेर निघाले. आणि बाहेर निघाल्यावर जायचं कुठे? खालीच. एवढ्या कडाक्यात बर्फ वाळूसारखा होतो, स्की घसरायला तयारच नसते, करकर वाजत सावकाश सरकते. त्यामुळे ज्या नवशिक्यांना वेगाचीच भीती होती ते डौलात, गप्पा मारत, थर्मास बगलेत धरून खाली पोचले. कुणी पडलं नाही. खाली पोचल्यावर राहिलेल्यांना आपण काय बघितलं ते तिखटमीठ लावून सांगितलं आणि आणखी काय घडतंय ते बघायला पुन्हा रांगेत उभे राहिले.

सुलेमाबाई खिडकीपाशी गेल्या. बराच वेळ त्या उतारावरचे ठिपके बघत होत्या. बावीस वर्षं माणसं आणली, त्या मनाशीच पुटपुटल्या, आणि वरून कशी दिसतात ते आज कळलं.

डबा पुन्हा खरखरला. या वेळी आवाज दार्दोचा होता, बसच्या ड्रायव्हरचा.

"बाई, बारा वाजले. बॅगा चढवल्यात. पण माणसंच नाहीत! चव्वेचाळीसपैकी एकही नाही. बोलवायला गेलो तर म्हणतात रांग सोडणार नाही. काय करू?"

सुलेमाबाईंनी वायरलेस तोंडाजवळ नेला, ओठाला लागू नये म्हणून पुन्हा लांब धरला.

"इंजिन बंद कर, दार्दो."

"बाई, आत्ता बंद केलं तर थंडी सरेपर्यंत चालू व्हायचं नाही हं! आठवडा लागेल, दहा दिवस लागतील."

"ऐकू येतं मला. ओठ गेलाय, कान नाही गेले. बंद कर, बॅगा उतरव आणि रांगेत उभा राहा."

खालून येणारी बसची घरघर थांबली. आवाज थांबल्यावर कळलं की सकाळपासून तो सारखा कानात होता. एवारिस्तो मटकन बाकावर बसला. त्याला बापाची आठवण आली, बैलांची आली, आणि छाती इतकी भरून आली की आता काहीतरी बोललंच पाहिजे असं त्याला झालं.

सुलेमाबाईंनी एर्मेलिंदाकडून साधी वेताची नळी मागून घेतली. तुंब्यात नवी पत्ती घातली, न उकळलेलं पाणी सावकाश ओतलं, पहिला घोट स्वतः ओढून बघितला आणि मग पुन्हा भरून तुंबा त्याच्या हातात दिला.

आभार हा शब्द एवारिस्तोच्या अगदी जिभेवर आला होता. पण माते घेताना आभार मानले की पुरे झालं, आता मला नको, असा त्याचा अर्थ होतो. भरणारा मग त्या माणसाला वगळून तुंबा पुढे नेतो. एवारिस्तोनं तो शब्द गिळला, तळाशी खुर्र आवाज येईपर्यंत माते ओढला आणि काहीएक न बोलता रिकामा तुंबा बाईंच्या हातात परत दिला.

त्यांनी तो पुन्हा भरला आणि पुन्हा त्यालाच दिला.